चार नंबर, थांबा

थोरली: "वहिनी, बॅटरी उतरली असणार." असंच म्हणाला होतात तुम्ही, काका. आमच्या दारात, चपला हातात, गुडघ्यापर्यंत चिखल. मी आईच्या मागे उभी होते. बारा वर्षं झाली, पण तो आवाज काही माझ्या कानातून गेला नाही. आता पुन्हा म्हणून दाखवा. तसंच. माझ्या डोळ्यांत बघून.

तारमास्तर: सकाळी सकाळी हे काय काढलंस? हजेरीला वीस मिनिटं उरलीत. अकराला समारंभ आहे. आणि त्या खुर्चीवर नको बसूस, तिचा एक पाय गेलाय.

थोरली: मी बसायला आलेलीच नाही.

घड्याळजी: एकोणीस मिनिटं, मास्तर. वीस नव्हेत.

तारमास्तर: तू गप रे. सगळ्या गावाची घड्याळं दुरुस्त करतोस आणि इथे येऊन माझा जीव खातोस.

थोरली: ही तुमची पुस्तिका. पान सात. मी वाचते, तुम्ही ऐका. "हौशी रेडिओ क्लबचे सभासद चार नंबर, पाणीखात्यातले फिटर, महापुराच्या दिवशी जुन्या पुलाखालच्या पंपघरात पाण्याची पातळी कळवण्याच्या कामावर होते. संचाची बॅटरी उतरल्याने त्यांचा मुख्य स्टेशनशी संपर्क तुटला आणि..." पुढचं माझ्याच्याने वाचवत नाही. किती प्रती काढल्यात?

घड्याळजी: पाचशे. ते दोन गठ्ठे तिथे, आणि एक तुझ्या पायाशी.

थोरली: म्हणजे पाचशे वेळा खोटं.

तारमास्तर: तोंड सांभाळ, थोरले! तुझ्या बापाबद्दल मी एक शब्द वावगा लिहिलेला नाही. त्याचा नंबर आम्ही दुसऱ्या कुणाला दिला नाही. दर रविवारी हजेरीत पुकारतो. चार नंबर म्हणतो, आणि दहा सेकंद सगळे गप्प बसतो. तेवीस माणसं, तेवीस घरांत. कुठला क्लब करतो एवढं?

थोरली: त्या दहा सेकंदांत आमच्या घरात काय होतं, विचारलंत कधी?

तारमास्तर: वहिनी ऐकतात, माहीत आहे मला. म्हणून तर...

थोरली: बाबांचा जुना रिसीव्हर आहे ना, स्वयंपाकघराच्या फळीवरचा, तो लावून बसते. तुम्ही चार नंबर म्हणालात की हातातलं काम खाली ठेवते आणि बोटांवर दहा मोजते. दहावं बोट दुमडलं की एकच शब्द म्हणते. "उतरली." मग उठते, भांडी घासायला लागते. बारा वर्षं, दर रविवारी. मला वाटायचं, बाईची सवय झाली ही. शुक्रवारी तुमचं आमंत्रण आलं तेव्हा कळलं की काय आहे ते.

घड्याळजी: काय आहे?

थोरली: ती म्हणाली, मी नाही येणार. ज्या बाईने प्लग काढला तिनेच मंचावर जाऊन मानपत्र घ्यायचं का?

तारमास्तर: कसला प्लग?

थोरली: चार्जरचा! पुराच्या आदल्या संध्याकाळी बाबांची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. आमच्या त्या खोलीत एकच प्लग. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा. आईने चार्जर काढला आणि इस्त्री लावली. माझा गणवेश. कॉलर, बाह्या, स्कर्टच्या चुण्या. नंतर चार्जर परत लावायचा राहिला. पहाटे बाबा बॅटरी पिशवीत टाकून निघून गेले. आणि संध्याकाळी तुम्ही आलात चपला हातात घेऊन. "वहिनी, बॅटरी उतरली असणार."

घड्याळजी: अरे देवा.

थोरली: आमच्या घरात इस्त्री नाही, घड्याळजी. तुम्हाला ठाऊक आहे ते. तुम्ही चेष्टासुद्धा केलीत एकदा माझी. रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये बसतेस आणि कपडे असे की जणू तुलाच रुग्णवाहिकेतून आणलंय.

घड्याळजी: म्हणालो होतो. जीभ झडो माझी.

थोरली: मीही हसले होते. मला काय माहीत, आईने ती इस्त्री त्याच आठवड्यात भंगारवाल्याला देऊन टाकली ते. बारा वर्षं ती मनात एकच धरून बसलीय. मी माझ्या नवऱ्याला मारलं, पोरीच्या कॉलरपायी. आणि परवापर्यंत हे तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. मलाही नाही, धाकटीलाही नाही.

तारमास्तर: मला हे ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगतो, थोरले. नाहीतर मी...

थोरली: नाहीतर काय? दुसरं काहीतरी खोटं शोधलं असतंत?

तारमास्तर: खोटं खोटं काय लावलंयस! चौकशी झाली होती. चौकशीत तेच ठरलं. बॅटरी उतरली, माणूस अडकला. मी काय पंपघरात होतो बघायला?

थोरली: बरं. मग हे कार्ड घ्या, वाचा.

तारमास्तर: कसलं कार्ड?

थोरली: ऐकल्याचं कार्ड. तुम्हीच शिकवलंत ना आम्हा पोरांना? रेडिओवर कुणाला ऐकलं तर पोस्टकार्ड लिहायचं. तारीख, वेळ, कुणाला ऐकलं, किती स्पष्ट. समोरचा उलट कार्ड पाठवतो. सभ्य माणसांचा छंद म्हणायचात तुम्ही. क्लबच्या पत्त्यावर येतात, मग ज्याच्या त्याच्या खणात जातात. बाबांच्या खणात होतं हे.

तारमास्तर: माझा चष्मा... घड्याळजी, चष्मा बघ रे.

थोरली: डोक्यावर आहे. राहू द्या, मला पाठ झालंय. पलीकडच्या डोंगरावर हवामान केंद्र आहे. तिथल्या एका माणसाने लिहिलंय. नवशिक्या होता, नुसता ऐकण्याचा परवाना. म्हणतो, "चार नंबर यांस. महापुराच्या दिवशी सकाळी आपल्याला ऐकलं. आवाज पाचपैकी पाच. सात बावन्नला आपण म्हणालात, चार नंबर बोलतोय, निरोप आहे. मुख्य स्टेशन म्हणालं, चार नंबर, थांबा." ऐकताय ना, काका?

तारमास्तर: ऐकतोय.

थोरली: "त्यानंतर आठ वाजून एक मिनिटाने आपल्या माइकच्या बटणाच्या दोन टिचक्या, थांबलोय एवढं कळवणाऱ्या. आठ नऊला दोन टिचक्या. आठ सतराला दोन टिचक्या. शेवटचीही पहिलीइतकीच जोरकस. पुढे ऐकू आलं नाही. एवढ्या धामधुमीत आपण राखलेली शिस्त बघून माझ्यासारख्या नवख्याला पुष्कळ शिकायला मिळालं. उलट कार्ड पाठवावं ही विनंती." खाली सही. कोपऱ्यात पेन्सिलीने ढगाचं चित्र काढलंय.

घड्याळजी: चौदा मिनिटं.

थोरली: बॅटरी उतरली होती म्हणे! आठ सतराला पाचपैकी पाच! कुठली बॅटरी होती ती? मेल्यावरही टिचक्या मारणारी?

तारमास्तर: हे कार्ड तुला कुणी दिलं? तो खण बंद होता. किल्ली माझ्याकडे आहे.

घड्याळजी: किल्ली दोन आहेत.

तारमास्तर: तू?

घड्याळजी: मी. परवा म्हटलं, पोरी, प्रदर्शनात मांडायला बापाची कार्डं घेऊन जा. सगळा गठ्ठा पिशवीत घालून दिला. हे सर्वात वर ठेवलं.

तारमास्तर: तू वाचलं होतंस?

घड्याळजी: नऊ वर्षांपूर्वी. टपालात तीन वर्षं भटकून आलं, त्याच दिवशी. वाचलं आणि परत खणात ठेवलं. त्यानंतर दर रविवारी या खोलीत येतो, तेलाचा थेंब घालून ही भिंतीवरची अकरा घड्याळं चालवतो, आणि त्या खणाकडे पाठ करून बसतो. सांगायची छाती झाली नाही मास्तर. पिशवीत घालायची तेवढी झाली.

तारमास्तर: घरभेदी आहेस. तीस वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून बसलास आणि आज, आजच्या दिवशी...

घड्याळजी: शिव्या नंतर द्या. त्या दिवशी नोंदवही कुणी लिहिली? मी. सात बावन्न, चार नंबर, निरोप आहे, थांबा. माझं अक्षर. मग वही भिजली म्हणून स्वच्छ प्रत काढायची ठरली, आणि तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, ही ओळ राहू दे. मी राहू दिली. बॅटरी कुणी मोजली? मी. इथून कामावर निघताना प्रत्येकाची मोजतो आपण, मीटर लावून. फिटरची काठोकाठ भरलेली होती. त्याची गंमतसुद्धा केली होती मी, म्हटलं, फिटर, तुझ्यापेक्षा तुझ्या बॅटरीत जास्त जोर आहे.

थोरली: थांबा. काय म्हणालात? भरलेली होती?

घड्याळजी: काठोकाठ. दुपारभर लावलेली असणार. संध्याकाळी प्लग काढला काय नि नाही काढला काय.

थोरली: आणि हे तुम्हाला माहीत होतं. दोघांनाही. त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात उभे राहिलात तेव्हासुद्धा.

तारमास्तर: हो.

थोरली: भरलेली होती. आई गं. बारा वर्षं, काका! बारा वर्षं ती बाई दहा बोटं मोजतेय!

तारमास्तर: ओरडू नकोस. खाली माणसं सतरंज्या अंथरतायत.

थोरली: अंथरू देत! अंथरू देत, आणि ऐकूही देत! मी दिवसाला दोनशे फोन घेते, काका. कुणाचा बाप छाती धरून पडलेला असतो, कुणाची बायको अडलेली. मीसुद्धा थांबा म्हणते. दुसरी ओळ घ्यावी लागते, तिसरी घ्यावी लागते. पण ज्याला थांबा म्हटलं त्याच्या नावाचा लाल दिवा समोर लुकलुकत राहतो. परत जाईपर्यंत तो दिवा मला घास गिळू देत नाही. तुम्ही सात बावन्नला थांबा म्हणालात. परत कधी गेलात?

तारमास्तर: आठ सव्वीसला.

थोरली: चौतीस मिनिटं.

तारमास्तर: त्या चौतीस मिनिटांत एकेचाळीस निरोप होते! हा बघ नकाशा, अजून टाचण्या आहेत त्याच्यावर. प्रसूतिगृहात पाणी शिरलं होतं. अकरा बायका, चार जन्मलेली बाळं, जनरेटर बुडालेला. फोन मेलेले, रस्ते गेलेले. होड्या तीनच. कुठली होडी कुठे जाईल ते या टेबलावरून ठरत होतं, आणि या घशातून जात होतं. एकही बाई दगावली नाही. त्यातलं एक पोर आज खाली खुर्च्या लावतंय. सांग आता, त्यातला कुठला निरोप मी सोडायला हवा होता? बोल ना! कुठला?

थोरली: एकही नाही.

तारमास्तर: मग?

थोरली: मी त्या चौतीस मिनिटांचा हिशोब मागायला आलेच नाही. त्या खुर्चीत मी असते तरी कदाचित हेच झालं असतं. मला ते कळतं. माझ्याइतकं या गावात कुणाला कळत नसेल. मी नंतरच्या बारा वर्षांचं विचारतेय. तेव्हा कुठली होडी अडली होती तुमची?

घड्याळजी: अकरा मिनिटं.

तारमास्तर: पण तो तातडी का म्हणाला नाही? सांग मला! रोज हाच प्रश्न घेऊन उठतो मी. नियम होता ना. जिवावर आलं तर तीनदा तातडी म्हणायचं, मग सगळ्यांनी तोंड मिटायचं, मीसुद्धा. प्रसूतिगृह असो नाहीतर आणखी काही. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, आणि हा शहाणा टिचक्या मारत बसला! एक शब्द उच्चारायचा होता, गाढवाला. एक शब्द!

थोरली: गाढव म्हणू नका माझ्या बापाला.

तारमास्तर: म्हणणार! माझा मित्र होता तो, तुझा बाप नंतर. बारा वर्षं मी त्याला शिव्या देतोय. का नाही म्हणाला?

थोरली: गांधीलमाशा.

तारमास्तर: काय?

थोरली: विसरलात? मी नऊ वर्षांची होते. सराव चालला होता. बाबा टाकीवर चढले होते, तारेचं टोक बांधायला, आणि तिथे गांधीलमाशांचं पोळं. घाबरून ते रेडिओवर तातडी तातडी तातडी म्हणाले. तुम्ही काय केलंत?

तारमास्तर: बोललो असेन काहीतरी.

थोरली: सगळ्यांसमोर. तेवीस संचांवर. "फिटर, तातडी हा शब्द श्वास जाताना उच्चारायचा असतो, माशी चावल्यावर नाही. पुन्हा ऐकला तर संच काढून घेईन." आम्ही घरी ऐकत होतो. बाबा संध्याकाळी आले ते सुजलेल्या तोंडाने. हसत होते, पण जेवले नाहीत. आणि मग त्या रात्री बसून त्यांनी ते गाणं रचलं, आम्हा पोरांसाठी. तुम्ही नंतर भिंतीवर लावलंत ते. तिथे आहे अजून, घड्याळांच्या मध्ये. वाचा.

तारमास्तर: नको.

थोरली: घड्याळजी, तुम्ही म्हणा.

घड्याळजी: थांब म्हणता थांबावं, ओठावर बोट ठेवावं.
दोनच टिचक्या माराव्या, आहे इतकं कळवावं.
कुणाचं तरी मोठं दुखणं आपल्याआधी चालू दे,
नंबर येता आपला, मग सावकाश बोलू दे.

थोरली: सावकाश बोलू दे. धाकटीला याच्यावर झोपवायची आई. तुमचा नियम आणि बाबांचं यमक. तुम्ही त्यांना थांबायला शिकवलंत, काका, आणि ते तुमचे सगळ्यात हुशार विद्यार्थी निघाले. आता त्यांनाच गाढव म्हणताय?

तारमास्तर: पाणी दे रे.

घड्याळजी: घ्या. सावकाश. नऊ मिनिटं आहेत.

थोरली: निरोप काय होता, ते तरी कळलं का कधी?

तारमास्तर: नाही. "निरोप आहे" एवढंच म्हणाला. पातळी सांगायची असेल. निघू का विचारायचं असेल. कुणी सोबत होतं का, कुणी अडकलं होतं का, काहीच ठाऊक नाही. मी कितीतरी निरोप रचून बघितलेत. कधी वाटतं, तुझ्या परीक्षेचं काहीतरी सांगायचं असेल.

थोरली: रडायला लावू नका मला. मी चिडलेली आहे आणि मला चिडलेलंच राहायचंय. मला एवढं सांगा की खोटं का बोललात.

तारमास्तर: क्लब बंद पडला असता. चौकशीवाले म्हणालेच असते, हौशी लोकांच्या हाती जीव दिले, आणि बघा. मग पुढच्या पुराला कोण होतं? दोनदा आला नंतर पूर. त्या कारखान्यात गॅस सुटला तेव्हा सगळ्यांचे मोबाइल बंद पडले, कुणी हाका मारल्या? आम्ही. डोंगरात सहलीची पोरं हरवली, कुणी शोधली? आणि आता ही खोली. नगरपालिकेला इथे वसुलीचं कार्यालय करायचंय. आज अकराला मोठे साहेब मंचावर सही करणार आहेत, तीस वर्षांसाठी खोली क्लबला. त्यांच्या घरी संच लावून दिलाय घड्याळजीने. आजची हजेरी ऐकतो म्हणालेत, चहा घेता घेता. आणि तू म्हणतेस...

थोरली: मी अजून काहीच म्हणाले नाही. आता म्हणते. अकरा वाजता तुम्ही आईचं नाव पुकाराल. आई येणार नाही. तिच्या जागी मी मंचावर चढेन आणि हे कार्ड वाचेन. ढगासकट.

तारमास्तर: धमकी देतेस? मांडीवर खेळवलंय तुला.

थोरली: म्हणून साडेसाताच्या आधी आले. परकी असते तर अकरालाच आले असते.

घड्याळजी: मास्तर, पोर चुकीचं काही बोलत नाहीये.

तारमास्तर: तू कुठल्या तोंडाने बोलतोस? ओळ तूच गाळलीस ना!

घड्याळजी: याच तोंडाने. तुम्ही गाळायला सांगितलीत म्हणून गाळली आणि आज पिशवीत घालून दिली, दोन्ही मीच. माझ्या दुकानात रोज माणसं येतात, म्हणतात, जरा बघा, घड्याळ मागे पडतंय. मी म्हणतो, हो, पडतं कधीकधी, आणि पुढे करून देतो. आपलं बारा वर्षं मागे पडलंय. मला ते दर रविवारी ऐकू येतं. तुमची खोली गेली तर माझ्या दुकानाचा माळा आहे. तार तिथून टाकू. पण हे कार्ड परत खणात जाणार नाही. मी जाऊ देणार नाही.

तारमास्तर: सगळे माझ्यावर उलटा. उलटा!

थोरली: काका, एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. तुम्ही विसरलात, ठीक. एकेचाळीस निरोप होते. पण टिचक्या? डोंगरावरच्या त्या नवशिक्याला ऐकू आल्या. तुमच्या कानाला काय झालं होतं? तारखात्यात चाळीस वर्षं टकटक ऐकलेला कान. तुम्ही तर म्हणायचात, मला झोपेत पालीच्या चुकचुकण्यातून अक्षरं ऐकू येतात.

तारमास्तर: (डोक्यावरचा चष्मा काढून पुसू लागतात.)

थोरली: ऐकू आल्या नव्हत्या ना? तेवढं म्हणा. तेवढं म्हणालात तर मी जरा... ऐकू आल्या नव्हत्या ना?

तारमास्तर: आल्या होत्या.

घड्याळजी: मास्तर.

तारमास्तर: तुझ्या कानावर हेडफोन नव्हता, तुला नव्हत्या आल्या. मला आल्या. तिन्ही वेळा. स्वच्छ. फिटरच्या टिचक्या मी हजारांत ओळखेन, दुसरी जरा लांबवायचा तो. इकडे प्रसूतिगृह किंचाळतंय, तिकडे होडीवाला रस्ता चुकलाय, तीन जण एका वेळी बोलतायत, आणि मधेच टिक, टिक्क. मला काय वाटलं सांगू, थोरले? मला बरं वाटलं.

थोरली: बरं वाटलं?

तारमास्तर: बरं वाटलं. म्हटलं, चला, फिटर आहे. या सगळ्या गदारोळात एक माणूस तरी शिस्तीत आहे, त्याची काळजी नको. प्रत्येक टिचकीला मला दम यायचा. त्या दमावर मी पुढच्याला हाक मारायचो. त्या अकरा बायका त्या टिचक्यांवर वाचल्या, असं म्हटलंस तरी चालेल. तो तिथे बुडत होता आणि मला धीर देत होता.

थोरली: आणि चौथ्या वेळी?

तारमास्तर: चौथ्या वेळी आल्या नाहीत. आणि न आलेली टिचकी ऐकू येत नाही गं. त्याला कान काय करणार? ती तेव्हापासून ऐकू येतेय. म्हणून पुकारतो रविवारी. तुम्हाला वाटतं मान देतो. मी कान देतो. दहा सेकंद.

घड्याळजी: दोन मिनिटं.

थोरली: हे आईला सांगा.

तारमास्तर: येतो मी घरी. समारंभ झाला की लगेच. पाय धरतो तिचे.

थोरली: घरी नको. दारात उभं राहून पुन्हा काही सांगू नका तिला. तुमच्या दारातल्या बोलण्यावर तिचा आता विश्वास बसणार नाही. ती फळीसमोर बसली असेल. रिसीव्हर लावून. हात पुसून. ती तुम्हाला जिथे ऐकते तिथे सांगा.

तारमास्तर: साहेब ऐकतायत.

थोरली: ऐकू देत.

तारमास्तर: तेवीस माणसं ऐकतायत. नवी पोरं आहेत त्यांत, मला देव मानतात.

थोरली: गांधीलमाशांच्या वेळीही तेवीसच होते.

घड्याळजी: साहेबांचा संच इथून बंद करता येतो, मास्तर. दोष आला म्हणू. म्हणत असाल तर...

तारमास्तर: नको. एकदा संचावर ढकललंय, पुरे झालं. माइक इकडे कर. आणि नवीन पान काढ. वेळ घाल.

घड्याळजी: सात तीस. काट्यावर.

(मास्तर माइकचं बटण दाबतात.)

तारमास्तर: मुख्य स्टेशन बोलतंय. रविवारची हजेरी. एक नंबर.

एक नंबर: एक नंबर हजर. आवाज स्पष्ट. मास्तर, आज शुभेच्छा!

तारमास्तर: दोन नंबर.

दोन नंबर: हजर. सतरंज्या कमी पडतायत, तेवढं बघा.

तारमास्तर: तीन नंबर.

तीन नंबर: हजर, मास्तर. आवाज बसलाय का तुमचा?

तारमास्तर: चार नंबर.

घड्याळजी: ...सात. आठ. नऊ.

तारमास्तर: कुणी बोलू नका. पाच नंबर, थांबा... नाही. थांबा नाही. पाच नंबर, मी दोन मिनिटांत तुमच्याकडे येतो, घड्याळजी माझ्यावर लक्ष ठेवून आहे. चार नंबर. महापुराच्या दिवशी सात बावन्नला तुम्ही म्हणालात, निरोप आहे. मी थांबा म्हटलं. नंतर बोला म्हणायचं विसरलो, चौतीस मिनिटं. तुमच्या टिचक्या मला ऐकू येत होत्या. तिन्ही. ते मी चौकशीत सांगितलं नाही, वहीतून काढायला लावलं आणि पुस्तिकेत खोटं छापलं. पान सात. ज्यांच्याकडे पुस्तिका आहे त्यांनी ते पान फाडावं. घड्याळजी, लिहितोयस ना?

घड्याळजी: लिहितोय.

तारमास्तर: वहिनी, दहावं बोट दुमडू नका. बॅटरी भरलेली होती.